नाव आणि पत्ता

मंगळवार, ३ सप्टेंबर २०१९

'कुरियर' बंद पडला! एकशे अठरा वर्षांचा, इथला एकमेव इंग्रजी पेपर. दाराच्या काचेवर पांढरा कागद, चार ओळी, खाली वेंडेल हॉगनची सही. मी रस्त्याच्या अलीकडेच उभा राहून वाचलं. सतरा वर्षांत त्या दारात कधी पाऊल टाकलं नाही. आज टाकलं असतं तर मजा बघायला आलो असं वाटलं असतं.

मजा वाटली का? थोडी वाटली. लिहून टाकतो, इथे कोण बघतंय.

घरी सांगितलं. आम्पारो कांदा चिरत होती. म्हणाली, "म्हणजे अख्ख्या काउंटीत आता पेपर म्हणजे आपणच."

"आपण म्हणजे स्पॅनिशमधली आठ पानं," मी म्हणालो. "त्यातली दोन पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या झग्यांची."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

गुरुवार, ५ सप्टेंबर

'एल वेसिनो'चा, आमचा अंक निघाला. पान तीनवर टायरवाल्याचा फोन नंबर चुकला. चुकीचा नंबर नेमका त्याच्या मेव्हण्याचा निघाला. दोघं दोन वर्षं बोलत नव्हते. आता भांडताहेत. बोलणं तर सुरू झालं!

सोमवार, ९ सप्टेंबर

सकाळी ऑफिसात एक गोरी म्हातारी आली. 'एल वेसिनो'च्या ऑफिसात! आम्पारोला वाटलं पत्ता चुकली. तिनं पोस्टाकडे बोट दाखवलं. म्हातारी बसली ती बसलीच.

"माझा नवरा गेला शुक्रवारी. छापायचंय."

मी म्हणालो, "बाई, आमचा पेपर स्पॅनिश."

"ठाऊक आहे मला. पण छापून आल्याशिवाय तो गेलाय असं मला वाटतच नाही. त्याची कॉफी करतेय मी रोज."

बसून लिहून घेतलं. नाव, गाव, गाई किती होत्या, मुलं किती आहेत, हार्मोनिका वाजवायचा की नाही. (वाजवायचा. वाईट.) दोन्ही भाषांत छापायचं ठरवलं. जाताना तिनं विचारलं, "तुमच्या पेपरचं नाव काय हो?" मी सांगितलं — वेसिनो म्हणजे शेजारी. "बरं झालं," ती म्हणाली. काय बरं झालं ते तिलाच माहीत.

बुधवार, ११ सप्टेंबर

वेंडेल हॉगन स्वतः आला. दारात उभा. उंच माणूस, वाकून आत आला. आमचं दार काही तेवढं ठेंगणं नाही.

बारा वर्षांपूर्वी ह्यानं अग्रलेख लिहिला होता — मुख्य रस्त्यावरच्या परक्या भाषेतल्या पाट्यांबद्दल. तेव्हा तशा पाट्या दोनच होत्या. त्यातली एक माझी. त्यानंतर आम्ही पोस्टात समोरासमोर आलो की दोघंही पत्रं वाचायला लागायचो. बंद पाकिटातली.

"मिस्टर बारहाना," तो म्हणाला. (बाराओना. सांगितलं नाही.) "माझ्याकडे शाळेच्या फुटबॉलचे स्कोअर आहेत. गेली एक्केचाळीस वर्षं मी शुक्रवारी मैदानावर जातो. मागच्या शुक्रवारीही गेलो. लिहून काढलं. मग लक्षात आलं, छापायला पेपर नाही."

हातात घडी घातलेला कागद.

मी म्हणालो, "पान सातवर अर्धी जागा आहे."

"इंग्रजीत?"

"तुम्हाला स्पॅनिश येतं का?"

"नाही."

"मग इंग्रजीत."

तो गेल्यावर आम्पारोनं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "तू ना, फार चांगला आहेस. चीड येते कधीकधी."

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आज कोर्ट हाउसातली ट्रूडी आली. काउंटीची क्लार्क. गळ्यात चष्मा, हातात फाइल, तोंडावर दात दुखत असल्यासारखा भाव.

"जाहीर नोटीस. काउंटीतल्या पेपरात छापावीच लागते. पूर्वी 'कुरियर'ला द्यायचो. आता वकील म्हणतात तुम्हीच उरलात."

"आनंद आहे."

"इंग्रजीतच छापायची. शब्द बदलायचा नाही."

"नाही बदलत."

ती गेल्यावर वाचली. बारीक अक्षर, लांबलचक वाक्यं. तिसऱ्यांदा वाचल्यावर कळलं. मेडो व्ह्यू ट्रेलर पार्कची जमीन 'निवासी'मधून 'औद्योगिक'मध्ये बदलायची आहे. मालकाचा अर्ज. ट्रकांचं आगार होणार. हरकती असतील तर जाहीर सुनावणी, मंगळवार एक ऑक्टोबर, संध्याकाळी सहा.

मेडो व्ह्यू! तिथे कुरणही नाही आणि देखावाही नाही, पण एकशे दहा घरं आहेत. नावाला ट्रेलर. चाकं कधीच काढून टाकलीत, खाली विटा, पुढे पडव्या, पडवीत मिरच्यांच्या कुंड्या. माझे निम्मे वाचक तिथे राहतात. डुकराच्या मांसाच्या कारखान्यातली अख्खी पहिली पाळी तिथून निघते. जमीन पार्कवाल्याची, पण वरचं घर ज्याचं त्याचं. आणि पंचवीस वर्षं एका जागी बसलेलं घर उचललं की मोडतं.

आम्पारोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ही 'कुरियर'मध्ये आली असती तर?"

"कोणी वाचली नसती."

"आणि आपल्याकडे इंग्रजीत आली तर?"

"तरी कोणी वाचणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. बायको अशी बघायला लागली की नवऱ्याला काहीतरी करावं लागतं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

नोटीस छापली. पान एकवर. इंग्रजीत, शब्द न बदलता. तिच्याखाली चौपट मोठ्या अक्षरांत स्पॅनिश. त्यातलाही शब्द बदलला नाही — फक्त कळेल असं लिहिलं.

दुपारी ट्रूडीचा फोन. "ते खाली काय छापलंय?"

"तेच. पुन्हा."

"भाषांतर कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. फुकट आहे."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुमच्याकडचा चौथा परिच्छेद वाचला. माझी सून स्पॅनिश शिकवते, तिनं सांगितला. आमच्यापेक्षा बरा जमलाय." ठेवला फोन.

मंगळवार, २४ सप्टेंबर

ऑफिसात माणसं मावत नाहीत. अंक संपले. लाँड्रीत एकच अंक उरलाय, तो दोरीनं बांधून ठेवलाय म्हणे.

सगळ्यांचा प्रश्न एकच. सुनावणीला गेलं तर काय काय विचारतील? मी नियम वाचून दाखवला: ज्याला बोलायचंय त्यानं आधी नाव आणि पत्ता सांगायचा. सगळं नोंदीत जातं. नोंद कोणीही मागून बघू शकतो, इमिग्रेशनवालेही.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी काय म्हणणार! पान दोनवर दर आठवड्याला चौकटीत माझंच वाक्य असतं — विचारणारा कोण हे कळल्याशिवाय नाव-पत्ता कोणालाही सांगू नका. सतरा वर्षं छापतोय. लोकांनी ऐकलंय. माझं बाकी काही ऐकत नाहीत, एवढं नेमकं ऐकलंय.

मारिसोल मागे भिंतीला टेकून उभी होती. मारिसोल बेनितेस. ग्वाटेमालाची, तिशीची, कारखान्यात हाडं काढण्याच्या लाइनीवर अकरा वर्षं. मोजकं बोलते. ती म्हणाली, "मास्तर, बोलायचं नसेल तर नुसतं बसलेलं चालतं का?" (मी होंडुरासमध्ये शाळामास्तर होतो. तेव्हा कोणी ऐकत नसे. इथे सगळे मास्तर म्हणतात.)

"चालतं," मी म्हणालो. "पण बसलेल्यांची नोंद होत नाही."

सोमवार, ३० सप्टेंबर

हॉगन दुसरा स्कोअर घेऊन आला. आपण होऊन खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "उद्या किती लोक येतील?"

"माहीत नाही. तुमच्या वेळी किती यायचे?"

"मी आणि ट्रूडी. एकदा एक कुत्रा आला होता."

मी हसलो. तो हसला नाही, बहुतेक खरंच आला असावा.

मंगळवार, १ ऑक्टोबर

आत्ताच घरी आलो. जेवण झालं नाही. आम्पारोनं बालेआदा, आमच्याकडच्या राजम्याच्या पोळ्या, करून ठेवल्यात, गार होताहेत. आधी लिहितो.

कोर्ट हाउसच्या खोलीत साठ माणसं बसतात. सव्वापाचलाच भरली. मग सगळ्यांना शाळेच्या जिममध्ये नेलं. तीनशेच्या वर असतील. पहिल्या पाळीचे तसेच आलेले, कपाळावर केस झाकायच्या जाळीचे वळ. बायका, कडेवर पोरं, एक आजोबा घडीची खुर्ची घेऊन. बोर्डाचे सात जण समोर टेबलाशी. अध्यक्ष मक्याचा मोठा शेतकरी. त्यानं गर्दी बघितली, मग दाराकडे बघितलं, मग ट्रूडीकडे. ट्रूडी चष्मा पुसत होती.

दुभाषा ठरवला होता, तो आलाच नाही. अध्यक्ष म्हणाला, "इथे कोणी आहे का?" ट्रूडीनं माझ्याकडे बोट केलं. गेलो माइकपाशी. मला कोणी नाव विचारलं नाही. ट्रूडीनं नोंदीत 'दुभाषा' एवढंच लिहिलं, मी वरून पाहिलं. बरं वाटलं. का बरं वाटलं?

पार्कच्या मालकाचा वकील दहा मिनिटं बोलला. विकास, रोजगार, ट्रक. मग अध्यक्ष म्हणाला, "ज्यांची हरकत आहे त्यांनी यावं. नाव आणि पत्ता."

मी स्पॅनिशमध्ये सांगितलं. नाव आणि पत्ता.

कोणी हललं नाही! तीनशे माणसं. पोरं रडत होती तीही थांबली.

"कोणीच नाही?" अध्यक्ष म्हणाला. "मग सुनावणी संपली असं—"

आम्पारो उठली. सरळ चालत आली. "आम्पारो बाराओना, एल्म स्ट्रीट."

"तुम्ही पार्कात राहत नाही," अध्यक्ष म्हणाला. "मग तुमचं काय नुकसान?"

"माझी चुलत बहीण तिथे आहे, माझी शिवणवाली तिथे आहे, मला रक्तदाबाची गोळी घेतली का विचारणारी बाई तिथे आहे. ती सगळी गेली की माझ्या वाटणीला हा उरेल." माझ्याकडे बोट. लोक हसले. मला ते इंग्रजीत सांगावं लागलं. टेबलाशी बसलेलेही हसले.

पण अध्यक्ष म्हणाला, "नियमानं, ज्याचं घर तिथे आहे त्यानं बोलायला हवं."

कोणी उठेना. मी वहीत मान घातली. मी नागरिक आहे, सहा वर्षं झाली. मला काही होणार नव्हतं. 'बाराओना, "वेसिनो"चा संपादक, माझीही हरकत आहे' — एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो नाही. मनात म्हणालो की मी बातमीदार आहे, आज तर दुभाषा आहे, आपलं बोलायचं नसतं. कारण चांगलं होतं. चांगलंच सापडतं नेहमी.

तेवढ्यात मारिसोल आली. कारखान्याचे रबरी बूट, जिमच्या फरशीवर प्रत्येक पावलाला आवाज. माइकसमोर उभी राहिली. ट्रूडी म्हणाली, "नाव?"

ती म्हणाली, "देल्फिना त्सोक इश्कोय."

मी तिच्याकडे बघितलं. वाटलं ऐकण्यात चूक झाली. मागे लोक एकमेकांकडे वळून बघत होते — ही कोण? तिच्या शेजारची बाई तर उठून उभी राहिली.

"मास्तर, सांगा ना," ती म्हणाली.

सांगितलं इंग्रजीत. "माझं नाव देल्फिना त्सोक इश्कोय." माझ्याच तोंडून गेलं.

"पत्ता?"

"मेडो व्ह्यू, लॉट एक्केचाळीस. घराचा कागद ह्या नावावर आहे. घर मी घेतलं तेव्हा खरं नाव घातलं. दुसऱ्या कुठेच नाही घातलं, तिथे घातलं. आता खोट्या नावानं बोलले तर ते घर कोणाचं?"

मी सांगत गेलो. दोनदा शब्द चुकलो. ती मात्र दुकानात सामानाची यादी सांगावी तशी बोलत होती. स्वयंपाकघराची फरशी स्वतः बसवली. हिवाळ्यात नळ गोठू नये म्हणून खाली गवताच्या गासड्या कशा लावायच्या ते पार्कमधल्या सगळ्यांना तिनं शिकवलं. "हे घर उचलून नेता येत नाही, साहेब. मी खाली जाऊन बघितलंय. तुम्ही बघितलंय का?"

अध्यक्ष म्हणाला, "नाही."

"मग या एकदा," ती म्हणाली. "कॉफी देईन."

तिच्यामागे रांग लागली. तेवीस जण. नाव आणि पत्ता, नाव आणि पत्ता. साडेआठपर्यंत मी अखंड बोलत होतो. स्वतःचं एक अक्षर नाही.

निर्णय पंधरा तारखेला.

गाडीत आम्पारोनं काच खाली केली. मी म्हणालो, "मी दुभाषा होतो." ती म्हणाली, "हो ना." तेवढंच.

बुधवार, २ ऑक्टोबर

लॉट एक्केचाळीसला गेलो. आज तिची सुट्टी. दार उघडं, शेगडीवर मक्याचं पीठ शिजतंय.

विचारलं, "छापू कोणतं?"

"कोणतं म्हणजे?"

"नाव. नोंदीत गेलंय ते गेलं. पण ट्रूडीच्या नोंदी कोण वाचतो? पेपर कारखान्यात जातो. तिथे तू मारिसोल. मी 'एक रहिवासी' असं लिहू शकतो."

तिनं पळी बाजूला ठेवली. "मास्तर, खरी मारिसोल टेक्सासात कुठेतरी आहे. तिचे कागद मला मिळाले. अकरा वर्षं तिच्या नावावर मी काम केलं. म्हातारपणी तिला सरकारकडून बरंच पेन्शन मिळेल, बिचारीला कळणारही नाही का ते." हसली. पहिल्यांदा हसताना बघितली. मग म्हणाली, "मला देल्फिना म्हणणारं कोणी उरलं नाही. आई गेली. धाकटा भाऊ होता, मी निघाले तेव्हा नऊ वर्षांचा. सोळा झाल्यावर माझ्यामागे निघाला. मावशीनं फोनवर सांगितलं — ज्या टोळीबरोबर गेला ती वाळवंटातच संपली. त्यानंतर मी गावाला फोन केला नाही. कोणाला करू? काल माइकवर बोलले ना, तेव्हा किती वर्षांनी ते नाव ऐकलं. माझ्याच तोंडून. मग तुमच्या तोंडून. तुम्ही जरा चुकीचं म्हणता, पण चालेल."

"मग?"

"छापा तेच."

"लॉट नंबर नाही छापणार मी."

"तो नका छापू. कॉफीला सगळा गाव येईल."

गुरुवार, ३ ऑक्टोबर

छापलं. पान एक, पहिली ओळ. देल्फिना त्सोक इश्कोय. प्रूफ तीनदा वाचलं.

पान दोनवरची चौकट ह्या आठवड्यात काढली. जागा रिकामी राहिली तिथे दंतवैद्याची जाहिरात दुसऱ्यांदा गेली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

तिला कारखान्याच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर आमचा अंक. "तुम्ही मारिसोल की देल्फिना?" तिनं उत्तर दिलं नाही. एप्रन काढला, घडी केली, सुरी जमा केली, पावती मागितली आणि घरी आली. मला हे तिच्या लाइनीवरच्या दोघींनी सांगितलं, रडत. "ताईनं पावती मागितली हो मास्तर!"

मी छापलं नसतं तर?

हॉगन बसला होता. त्याला आम्पारोनं इंग्रजीत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी एक्केचाळीस वर्षांत असं नाव एकदाही छापलं नाही, ज्यानं कोणाचं काही बिघडेल. त्याला मी जबाबदारी म्हणायचो." मग बराच वेळ टाइप करत बसला. स्कोअर नव्हते ते.

शनिवार, १२ ऑक्टोबर

देल्फिना घरी तमाले, मक्याच्या पानात उकडलेले उंडे, करून विकते. पार्कातली रांग लॉट तीसपर्यंत येते. हाक कोणत्या नावानं मारायची ह्याचा मोठा घोळ. बायका 'मारिसो—' म्हणून जीभ चावतात. पोरांनी प्रश्न सोडवला: 'मारिफिना'.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

चार विरुद्ध तीन. अर्ज फेटाळला! जमीन निवासीच राहणार.

चौथं मत अध्यक्षाचं. मत देताना म्हणाला, "मी गेल्या आठवड्यात तिथे जाऊन आलो. वाकून खाली बघितलं. ते घर उचलता येत नाही." मग नोंदीसाठी म्हणाला, "कॉफी चांगली होती."

जिममध्ये काय आरडाओरडा! मी आज दुभाषा नव्हतो, ठरवलेला माणूस आला होता. लोकांना दोन मिनिटं बोलायची मुभा होती. मी उठलो. ट्रूडी म्हणाली, "नाव आणि पत्ता." जसं काही मला ओळखतच नाही! "लेओन्सियो बाराओना, एल्म स्ट्रीट," मी म्हणालो. पुढे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. निकाल लागून गेला होता. "आभार," म्हणालो आणि बसलो. बिनकामाचं बोललो. पण नोंदीत आहे.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

हॉगनचा इंग्रजी लेख पान एकवर, उजवीकडे. शेवटी सही, आणि सहीखाली त्यानं स्वतः जोडलेली ओळ: 'ह्या पेपरच्या संपादकाचं नाव मी बारा वर्षं चुकीचं उच्चारलं. ते बाराओना असं आहे.' मी ती ओळ काढायला निघालो होतो. आम्पारोनं माउस काढून घेतला.

सोमवार, २१ ऑक्टोबर

एक माणूस आला ऑफिसात. विशी-बाविशीचा. डोक्यावर टोपी, बूट स्वच्छ, बाहेर पिकअप. हातात आमचा तीन तारखेचा अंक, घडी पडून पडून मऊ झालेला.

"ही बाई कुठे राहते?" नावावर बोट.

"आपण कोण?"

"मला भेटायचंय तिला."

"कशाला?"

त्यानं अंकाची घडी आणखी बारीक केली. नजर खाली. बूट फार स्वच्छ होते. इमिग्रेशनकडून चौकशीला येणारे असेच असतात — आपल्यासारखे दिसणारेच पाठवतात.

मी म्हणालो, "अशी कोणी इथे नाही."

"तुमच्याच पेपरात आहे."

"छपाईची चूक."

तो उभाच. "सगळे हेच म्हणतात," म्हणाला आणि गेला.

आम्पारो आतून म्हणाली, "सतरा वर्षांत पहिल्यांदा चूक कबूल केलीस. तीही न केलेली." पण तिचा चेहरा उतरला होता. लगेच गाडी काढली, देल्फिनाला उचलून आमच्याकडे आणलं. पातेल्यासकट.

पार्कात सांगून ठेवलं: कोणी काही विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. ते म्हणाले, "तो काल लाँड्रीत आला होता मास्तर. आम्ही आधीच सांगितलंय, माहीत नाही."

बुधवार, २३ ऑक्टोबर

ती पिकअप पुन्हा दिसली. ऑफिससमोर दहा मिनिटं उभी. मी दिवा लावला नाही. भर सकाळी दिवा कशाला लागतो, पण लावला नाही.

देल्फिना आमच्या स्वयंपाकघरात. म्हणते, "मास्तर, मीच जाते त्याच्यासमोर. तुम्ही किती दिवस लपवाल?"

"लागतील तेवढे," मी म्हणालो. अंगात बळ आल्यासारखं वाटलं. ह्या वेळी तरी मी मागे नाही राहिलो.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

तो घरी आला. दारातच टोपी काढली. म्हणाला, "मास्तर, इथे मला सगळे विल्मर म्हणतात. तुमची पान दोनवरची चौकट पाळतो, खरं नाव कोणाला सांगत नाही. अकरा मैलांवर डुकरांच्या गोठ्यावर असतो. पेपर लाँड्रीला आलो की मिळतो, म्हणून उशीर झाला." मग खिशातून पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. जन्माचा दाखला. बाल्तासार त्सोक इश्कोय.

वाळवंटातून तिघं बाहेर पडले होते. तो त्यातला एक. बहीण ह्याच गावी आहे एवढं त्याला माहीत होतं. चार वर्षं विचारत होता. देल्फिना नावाची कोणीच नव्हती. पहिलं वर्ष तो कारखान्यात होता, दुसऱ्या पाळीला. ती सुटायची त्याच दारातून तो आत जायचा. रोज. दोघांच्या तोंडाला फडकं, डोक्याला जाळी.

चार वर्षं ती दोघं खोट्या नावांमागे राहिली. शेवटचे चार दिवस मी लपवलं.

आत पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज आला. आम्पारो तिला बोलवायला गेली.